दिगंबरचं सोवळं

आमच्या दिगंबरला अंबाजोगाईत सगळे सज्जन म्हणतात. मी त्याची थोरली चुलत बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि मला हा माणूस कधीच आवडला नाही. शाळेत तो विज्ञान शिकवतो. प्रजननाचा धडा आला की "हा घरी वाचून या" म्हणतो आणि पुढचं पान उघडतो. आईच्या शब्दाबाहेर नाही, बायकोवर हात उगारत नाही, तंबाखू खात नाही. एवढ्यावर आपल्याकडे माणूस सज्जन होतो.

त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, पुरणाचा नैवेद्य आणि सगळं सोवळ्यात. करणारी एकटी वृंदा, त्याची बायको. गुडघे गेल्यापासून काकू, म्हणजे दिगंबरची आई, पाटावर बसून नुसते हुकूम सोडते. आता वृंदाची पाळी नेमकी त्या दिवसांत आली तर काय, ही काळजी दिगंबरने स्वतःकडे घेतली. मुलगी कितवीत आहे हे विचारलं तर त्याला आठवावं लागतं, पण बायकोची तारीख तोंडपाठ. श्रावण सरत आला की तो औषधाच्या दुकानात जायचा. गिऱ्हाइकं ओसरेपर्यंत खोकल्याच्या बाटल्यांकडे बघत उभा राहायचा आणि मग हळूच म्हणायचा, "त्या द्या." दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. डॉक्टरची चिठ्ठी ना कुणी मागायचं, ना कुणी दाखवायचं. घरी आला की गोळीबरोबर पाण्याचा पेला स्वतः भरून आणायचा. लग्न झाल्यापासून बायकोला त्याने एवढ्याच वेळी पाणी दिलं असेल.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या उठल्या आणि वृंदा गोळ्या बंद करणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "पितृपक्षात यांचं श्राद्ध आहे. तेवढं उरकू दे." श्राद्ध उरकलं, तर पुढे घट बसायचे होते. वृंदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, पोट फुगल्यासारखं वाटायलंय. मधूनमधून डागही लागायलेत. बास करते आता."

"दसऱ्यापर्यंत काढ की," दिगंबर म्हणाला. "आणि डागाचं आईला सांगत बसू नकोस."

हे मला वृंदाने नंतर सांगितलं. मी तिला म्हटलं, बघ तुझ्या नवऱ्याचं सोवळं. देवीला फसवायला त्याची हरकत नाही, आईला कळलं नाही म्हणजे झालं.

दसऱ्याला गोळ्या थांबल्या आणि तिला जे जायला लागलं ते थांबेचना. नेहमीसारखं नव्हतं, गाठीच्या गाठी पडत होत्या. तिला मागच्या खोलीत बाजूला बसवलं. काकू दारातून बोलायची, "किती दिवस बसणार आहेस गं? आमच्या वेळी चौथ्या दिवशी न्हाऊन कामाला लागायचो." दिवाळी आली. मी फराळाचा डबा घेऊन गेले, तर वृंदा मला बघून उठली, भिंत धरली आणि खाली बसली. ओठ पांढरे पडले होते.

मी दिगंबरला विचारलं, "डॉक्टरकडे नेलंस का हिला?"

"थांबेल की आपोआप. तिथं जाऊन काय सांगायचं, ताई? बरं दिसत नाही ते."

त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. रिक्षा मीच बोलावली. हा मागून स्कूटरवर आला, तोही काकूने पाठवलं म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. "अजून उशीर केला असता तर रक्त चढवावं लागलं असतं. गोळीने पाळी पुढे जाते हो, रद्द होत नाही. आणि हे असं महिनाभर, कुणाला न विचारता? कुणी आणून दिल्या?"

दिगंबरने चष्मा काढून पुसला. "तिनेच घेतल्या, मॅडम."

वृंदा त्याच्याकडे बघत राहिली. पुढे कितीतरी महिने तिची पाळी रुळावर नव्हती. कधी लवकर यायची, कधी दोन महिने पत्ता नाही, आणि आली की अंगातलं बळ घेऊन जायची.

यंदा श्रावणात दिगंबर परत तीच पुडी घेऊन आला. पाण्याचा पेलाही भरला. वृंदा म्हणाली, "मी घेणार नाही. आली तर आली."

काकूने बोलणं टाकलं. दिगंबर माझ्याकडे धावत आला. "ताई, तू समजाव तिला. कुळाचार बुडेल."

"मग तू नेस सोवळं आणि घाल पुरण शिजायला."

"मला कुठं येतं?"

"घरी वाचून ये की."

तो तोंड पाडून गेला. महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या दिवशी सकाळीच वृंदाला पाळी आली. तिने काकूला सरळ सांगितलं आणि मागच्या खोलीत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यासाठी काकूने मला विचारलं. मी म्हटलं, गुडघे मलाही आहेत. शेवटी सज्जन माणूस बाजारात गेला आणि स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांकडे सांगून आला. दुसऱ्या दिवशी दुपारी डबे आले. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळं. काकूने तुळशीपत्राने त्यावर पाणी शिंपडलं आणि ते महालक्ष्म्यांपुढे मांडलं. दिगंबर पीतांबर नेसून डोळे मिटून टाळ्या वाजवत होता.

आरती झाली, पाहुण्यांची पानं वाढली. तेवढ्यात वृंदा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"स्वयंपाक करणाऱ्या त्या बायकांना विचारलंत का, कुणाची पाळी चालू आहे का म्हणून?"

वाढणारे हात थांबले. काकू खाली बघायला लागली. दिगंबरचा चेहरा लाल झाला, आणि मनापासून दुखावल्यासारखा तो म्हणाला, "काहीतरीच काय? परक्या बाईला असलं कधी विचारतात का?"