अक्काताईचं नाक

मिठाला वास असतो असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण शिवाजी पेठेच्या अंगाला असलेल्या एका महादेवाच्या देवळात, आवारातल्या भोजनगृहात, अक्काताई अकरा वर्षं निव्वळ वासावर मीठ घालत होती. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न जिभेला लावायचं नाही, हा तिथला नियम. बाकीचे आचारी अंदाजानं मीठ टाकायचे आणि पंगतीचं बोलणं खायचे. अक्काताई पातेल्यावरचं झाकण उचलायची, डोळे मिटून वाफ नाकात घ्यायची आणि मूठ सैल सोडायची. बास. कधी चुकली नाही.

ब्याण्णव साली ती सीमेकडच्या गावातनं आली होती. नवरा गेलेला, पदरी पोर नाही, दिरांनी घराबाहेर काढलेली. देवळानं तिला चूल दिली आणि चुलीमागची एक खोली दिली. पेठेतला जोतीराम हारवाला बुधवार-रविवारचं मटण सोडलं तर रोज तिथंच जेवायचा. शेजारी नवखा माणूस बसला की त्याला कोपरानं ढोसून सांगायचा, "पावणं, ही आमटी चाखल्याबिगर केल्या. आमच्या आक्काचं नाक म्हंजे देवाची देणगी हाय." एवढं ऐकायला अक्काताई हातातलं काम टाकून दाराशी यायची. का येऊ नये? जन्मात दुसरं कोण तिला चांगलं म्हणालं होतं?

दोन हजार तीनच्या थंडीत तिला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. तिनं हिंगाची डबी नाकाला लावली, काही नाही. मिरचीच्या खाटानं सगळे खोकायला लागले, तिला तेही कळलं नाही. हे सांगायचं कुणाला? हाताखाली होती पवित्रा, तिच्या भावाची नात. तिला गावाकडनं आणून अक्काताईनंच पीठ मळण्यापासून शिकवलं होतं. पवित्रा तिला अव्वा म्हणायची, कानडीत आईला म्हणतात तसं. पण अक्काताई तिच्याशीही बोलली नाही. नाक गेल्याचं कळलं की चूल जाणार आणि चूल गेली की खोली. मग पन्नाशी उलटलेल्या बाईनं जायचं कुठं?

पहिल्या आठवड्यात आमटी अळणी झाली, दुसऱ्यात खारट. जोतीरामनं ताट सरकवलं आणि म्हणाला, "आक्का, ध्यान कुठं हाय?" भोजनगृहाचे व्यवस्थापक हंबीरराव आत येऊन बजावून गेले, "आणखी एक तक्रार आली की चूल सोडायची."

दुसऱ्या दिवशी अक्काताईनं गाभाऱ्याच्या दिशेला पाठ केली, पळीतले दोन थेंब तळहातावर घेतले आणि चाटले. मग दोन्ही कान धरले. जीभ शाबूत होती बिचारीची. आमटी फक्कड झाली. महिनाभर रोज असंच चाललं आणि रोज ती देवापुढं नाक घासत राहिली.

पवित्रानं ते बघितलं. तिला चूल हवी होती, खोलीही हवी होती. पोरगी सरळ हंबीररावांकडं गेली.

आता हंबीररावांना हे प्रकरण आतल्या आत दोन शब्दांत मिटवता आलं नसतं का? आलं असतं की. पण मग मजा कसली? सोमवारी दुपारी नैवेद्य झाला, पंगत भरली, तेव्हा त्यांनी अक्काताईला हाक मारून बाहेर बोलावलं. मधोमध बाकावर दोन झाकलेली पातेली ठेवली होती.

"आक्का, ह्यातली एक आमटी खारट हाय. कंची ते वासानं सांगा."

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. झाकणं जराशी उचलली गेली. अक्काताईनं सवयीनं डोळे मिटले, एका पातेल्यावर वाकली, मग दुसऱ्यावर. वाफ नाकाला लागत होती, पण नुसती गरम. पवित्रा दारात उभी होती.

"ही," अक्काताई उजव्या हाताच्या पातेल्याकडं बोट करून म्हणाली.

"नक्की?"

"व्हय."

हंबीररावांनी दोन्ही झाकणं काढली. दोन्हीत नुसतं कढत पाणी.

आधी कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी पंगत फुटली. जोतीराम तर मांडीवर थापा मारत होता. ज्या तोंडानं अकरा वर्षं तिची वाहवा केली, त्याच तोंडातनं आता भाताची शितं उडत होती. महिनाभर देवाला उष्टं घातलं म्हणून हंबीररावांनी तिला तिथंच सगळ्यांदेखत कान धरून उठाबशा काढायला लावल्या. पाचव्या उठाबशीला ती बसली ती तिला उठताच येईना. पवित्रानं तिचं गाठोडं आणून पायरीवर ठेवलं.

"पर देवळाचा ट्रस्ट काय निर्दयी न्हाय," हंबीरराव म्हणाले. "आक्कांनी जिवंत हाईत तवर रोज पंगतीला बसावं, फुकट."

आणि ती बसायला लागली. काय करणार? पोट काही लाजत नाही. झोपायला देवळाची ओवरी होती.

दोन महिन्यांनी एका दुपारी तिला स्वयंपाकघराच्या दारासमोर जागा मिळाली, शेजारी जोतीराम. नैवेद्य अजून व्हायचा होता, म्हणून सगळे वाट बघत होते. आत पवित्रानं पळीतली आमटी तळहातावर घेतली आणि चाटली. दार सताड उघडं होतं. मग तिनं पळी हंबीररावांपुढं धरली. त्यांनीही हातावर घेऊन चाखली आणि म्हणाले, "चिमूटभर मीठ टाक आणखी." तिनं टाकलं. त्याच आमटीची वाटी ताटात ठेवून ते स्वतः गाभाऱ्याकडं निघाले.

अक्काताईनं जोतीरामचा दंड धरला.

"बघितलंस? चाखली त्यांनी. नैवेद्याच्या आधी."

"मग?" जोतीराम म्हणाला. "न चाखता मीठ कसं कळायचं, आक्का?"

आत घंटा वाजली. आमटीची बादली रांगेतनं पुढं आली. अक्काताईनं वाटी पुढं केली आणि एक घोट घेतला. मीठ अगदी बरोबर होतं.