चेटकिणीला शोभेल असं नाव

खराडीच्या कंपनीत आम्ही मोबाईलवरचे गेम बनवायचो. त्यातल्या गोष्टी मी लिहायचे. एका गेममध्ये चेटकीण होती आणि तिच्या नावावरून चार दिवस नुसत्या मीटिंगा चालल्या होत्या. राजकन्येचं नाव पाच मिनिटांत ठरलं, संस्कृत आणि गुळगुळीत. चेटकिणीला मात्र "थोडं रूरल" हवं, असं बॉसचं म्हणणं. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पाचव्या दिवशी चित्रं काढणारा एक जण म्हणाला, "आमच्या पोळ्यावाल्या मावशींचं नाव ठेवू या. ऐकूनच भीती वाटते." त्यानं ते नाव घेतलं आणि सगळे खो खो हसले.

ते माझं नाव होतं. अकोल्याला आत्यानं बारशाला ठेवलेलं, तेवीस वर्षं वापरलेलं. लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं दुसरंच लिहिलं, कारण सासूबाईंना जुनं गावंढळ वाटत होतं. वाकून मी ते वाचलं आणि लाजले. लाजले! आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. ते नाव इथेही लिहीत नाही. तुम्ही हसलात तर मला खपणार नाही.

"ते माझं नाव आहे. माहेरचं," मी म्हणाले.

हसणं थांबलं. बॉस म्हणाला, "अहो मॅडम, मग आधी बोलायचं ना! सॉरी. काढून टाकू."

"काढायचं नाही. राजकन्येला द्या."

"राजकन्येला ते शोभणार नाही हो," तो अगदी प्रेमानं समजावायला लागला. त्या प्रेमानंच माझं डोकं फिरलं. लॅपटॉप धाडकन मिटून मी घरी निघून आले.

वारज्याला पोचल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तोही हसला. "बघ, आई काही उगीच म्हणत नव्हती."

तेव्हापासून त्यानं नव्या नावानं हाक मारली की मी ओ देईना. जेवण वाढायचे, बोलायचे नाही. तीन दिवस त्याला वाटलं, उतरेल राग.

चौथ्या दिवशी सकाळी त्याची हिंजवडीची बस चुकली. स्कूटरची किल्ली सापडेना. ती माझ्या मुठीत होती. दारात उभं राहून त्यानं दोनदा नव्या नावानं हाक मारली. मग जिन्याकडे बघितलं, शेजारचं दार बंद आहे ना याची खात्री केली, आणि पुटपुटल्यासारखं माझं खरं नाव घेतलं.

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले.