पाइपावरचा एक टोला

माझ्या हॉलमध्ये पाच टीव्ही आहेत आणि खुर्ची एक. टीव्हीच्या ब्राउझरवर चालणारी वेब-ॲप्स मी घरबसल्या बनवतो. अक्षर दहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे, म्हणून मी भिंतीला पाठ लावूनच जगतो. इथे माउस नाही, बोट नाही. रिमोटचे चार बाण, एक ओके आणि आपण कुठे आहोत ते दाखवत पडद्यावर सरकणारी पिवळी चौकट. मे महिन्यात नागपुरात पाचही टीव्ही एकदम लावले की पाली कूलरमध्ये जाऊन बसतात. शपथेवर सांगतो, एकीने तर मला कूलरमध्ये पाणी भरायची आठवण केली होती. त्या आठवड्यात माझ्याशी बोललेली ती एकटीच.

वरच्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आजोबा, तेही एकटेच. झाडीपट्टीच्या नाटकांचं माझं ॲप त्यांच्या जुन्या टीव्हीवर चालवून पाहायला दिलं. तिसऱ्या अंकासाठी खालचा बाण दाबला की चौकट पडद्याबाहेर जायची, ती गायबच. मग आजोबा तिकिटाचा जुना चिमटा नळाच्या लोखंडी पाइपावर हाणत. एक टोला म्हणजे गाडी थांबव, दोन म्हणजे जाऊ दे. एवढाच त्यांचा कायदा. तो टोला बुटीबोरीपर्यंत ऐकू जाई. मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर.

"चौकट कुठं गेली गा? तुले पगार कायचा देतात?"

"चौकट शोधायचाच, आजोबा."

"मंग शोध. तोवर चहा मांडतो."

दुरुस्ती कोडच्या एका ओळीची होती. कंपनीला मी कळवलं, दोष फार खोल आहे, रोज प्रत्यक्ष जाऊन पाहावा लागतो.

एका संध्याकाळी त्यांनी चहा मांडलाच नाही. म्हणाले, "नोकरीत पहाटेची गाडी राहायची. दोन अंक झाले की उठा. आयुष्यभर अर्धंच पाहून राहिलो हे नाटक. मले शेवट पाहू दे ना गा एकदा."

खाली येऊन ती ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाचही टीव्ही बंद करून बसलो. वर पहिला अंक झाला, दुसरा झाला. मग पाइपावर टोला. मी चपला शोधायच्या आत दुसरा वाजला. जाऊ दे.

परत बसलो. कूलर घरघरत होता. पालही कुठे दिसेना. वर तिसरा अंक संपला, टाळ्या वाजल्या. तेवढं होऊ दिलं. मग स्वयंपाकघरातून लाटणं आणलं आणि पाइपावर एकदाच हाणलं. गाडी थांबव.

वर टीव्ही बंद झाला.