ताईच्या सासऱ्यांची नजर

आमच्या ताईच्या सासऱ्यांइतका स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा असलेला डॉक्टर अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल. जालन्याला पोलीस भरती निघाली की उमेदवारांचे पाय तपासायला त्यांनाच बोलवत. तळव्याला कमान असली तर पास, तळवा सपाट असला तर घरी. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मंठ्याकडून अनवाणी आलेली पोरं रांगेत उभी राहायची आणि हे खुर्चीतून न उठता, बाजारात वांगी निवडावीत तसे निकाल द्यायचे. एकदा सकाळी बाद केलेला पठ्ठ्या चहा पिऊन पुन्हा रांगेत शिरला, तर "याला म्हणतात कमान" म्हणत यांनी त्याला पास केलं. शेजारी बदनापूरचे एक डॉक्टर बसत. हे ज्याला सपाट म्हणत त्याला ते हमखास उत्तम म्हणत, आणि दोघांनाही आपल्या निकालाबद्दल तिळमात्र शंका नसे. कुणीतरी सुचवलं, ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघा, सपाट तळवा भरीव उमटतो. हे भडकले. "मंग माझे डोळे काय लोणच्यात घालायचे?"

आता आमच्या ताईचे पाय भाकरीसारखे सपाट. असल्या पायांची सून घराचं वाटोळं करते म्हणून दोन स्थळं मोडलेली. तेच पाय या माणसाला दाखवायचे म्हणजे आईच्या जिवाला घोर. पण हे आले, पोह्यांवर ताव मारला आणि म्हणाले, "पाय एक नंबर. मुलगी पसंत."

त्यांच्याकडे नव्या सुनेनं कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून घरात यायची रीत. ताई चालत गेली आणि शहाबादी फरशीवर टाचेपासून बोटांपर्यंत भरीव लाल पावलं उमटली. सासूबाईंचा चेहरा उतरला, ताई रडायच्या बेतात. सासऱ्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "कुंकू पातळ कालवलंय, पसरलं सारं. चला, पानं वाढा." डॉक्टरांपुढे बोलणार कोण?

पुढे कितीतरी वर्षांनी मी विचारलंच, "काका, एवढी तयार नजर, मग ताईचे पाय कसे हुकले?"

ते हसले. "पायच पाहायला आल्तो. पण पोरगी चहा घेऊन आली अन् तिचे हात लटलट कापून राह्यल्ते. मंग पायाकडं पाह्यलंच न्हाई बघ."

भरतीतल्या त्या पोरांचेही हात कापत असणारच. तिकडेही त्यांनी एकदा पाहायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण ते गेले तेव्हा सगळ्यात जास्त ताई रडली, आणि तिच्यापुढे हे बोलायची माझी छाती कधी झाली नाही.