एकच लाल चौकट

चौकटबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फक्त वीज कडाडायची राहिली, बाकी सगळं झालं. मिक्सर बनवणाऱ्या त्या कंपनीत मी चित्रं काढायला नुकताच लागलो होतो आणि चहा कुठे मिळतो हे विचारायला चुकून त्यांच्या खोलीचं दार ढकललं. कागदांच्या डोंगरामागून आधी चष्मा उगवला, मग बाई. त्या नजरेपुढे चालून आलेली सैन्यं चपला हातात घेऊन परत गेली असती. मी तर नुसता चित्रकार. 

"बोला," त्या म्हणाल्या. "नुसती माहिती हवीय, काम अडलंय, की कुणाच्या जिवावर बेतलंय?"

"चहा," मी म्हणालो.

"म्हणजे नुसती माहिती, बाजूची चौकट. चहा खाली, जिन्याशेजारी. जाताना दार ओढून घ्या."

बाई मिक्सरसोबत मिळणारी पुस्तिका लिहायच्या. कॉम्प्युटरवर सगळा साधा मजकूर. रंग नाही, रेघ नाही, दाबायला बटण नाही. मजकुराच्या वर आणि खाली फुल्यांची ओळ टाकली की छापताना त्याभोवती करडी, बाजूची चौकट यायची. ठिपक्यांची टाकली की सूचनेची निळी. उद्गारचिन्हांची टाकली की इशाऱ्याची लाल. वरची ओळ चौकट उघडते, खालची मिटते. एवढं कुणीही शिकेल. पण कुठल्या मजकुराला कुठली चौकट, हे ठरवताना बाई सोनाराने तराजू धरावा तशा श्वास रोखून बसायच्या.

कसोटी एकच. हे वाचलं नाही तर काय होईल? काही होणार नसेल तर बाजूची चौकट. काम अडणार असेल तर सूचना. बोट जाणार असेल तरच लाल. घरीही हाच कायदा. नवऱ्याचं सगळं बोलणं त्यांनी लग्न झाल्याझाल्या बाजूच्या चौकटीत टाकलं होतं, आणि तोही तिथे पाय पसरून मजेत राहत होता.

अख्ख्या पुस्तिकेत लाल चौकट एकच होती: 'भांड्यात हात घालण्याआधी प्लग काढा.'

आमच्या साहेबांना हे बघवत नसे.

"बाई, लाल वाढवा जरा. गॅरंटीचं लाल करा, सफाईचं करा, माझं स्वागताचं पानसुद्धा करा. लोक वाचतच नाहीत हो."

"साहेब, घरात सगळेच ओरडायला लागले तर ऐकणार कोण?"

"आमच्या घरात सगळेच ओरडतात."

"मग ऐकतं कोण?"

साहेब बोटांवर घरातली माणसं मोजू लागले.

"दुसरी लाल चौकट आली की माझा राजीनामा," बाई म्हणाल्या. त्या हे गमतीत म्हणत नव्हत्या, आणि त्यांच्यावाचून पुस्तिका लिहिणारं कंपनीत कुणी नव्हतं.

मग साहेबांनी मांजरासारखं डोळे मिटून दूध प्यायचं ठरवलं. बाई रजेवर गेल्याची संधी साधून त्यांनी स्वतःच्या हाताने स्वागताच्या मजकुरावर उद्गारचिन्हांची ओळ टाकली. खालीही टाकायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. तशीच पुस्तिका छापायला गेली, खोक्यांत भरली गेली आणि विकलीही गेली.

बाई परत आल्या आणि त्यांनी पुस्तिका उघडली. स्वागत लाल. भागांची नावं लाल. माझी चित्रं गोवर आल्यासारखी लाल. पुढे बाईंच्या खऱ्या इशाऱ्याची वरची ओळ आली, तिने साहेबांची उघडी राहिलेली चौकट मिटवली. खालची आली, तिने नवी उघडली, ती थेट शेवटच्या पानावरच्या फोन नंबरापर्यंत. सगळी पुस्तिका लाल, आणि प्लगचं ते एक वाक्य तेवढं साध्या पांढऱ्यावर, लग्नघरात मीटर बघायला आलेल्या माणसासारखं अवघडून उभं.

बाईंनी पर्स उचलली. "जाते मी, साहेब. घाबरू नका, हा इशारा नाही, सूचना आहे. जीव जाणार नाही, फक्त काम अडेल."

नेमक्या तेव्हाच साहेबांच्या वहिनी मिक्सरचं गळकं झाकण बदलून घ्यायला आल्या. बुडत्याने काडी धरावी तसं साहेबांनी त्यांना धरलं.

"वहिनी, पुस्तिका वाचलीत ना तुम्ही?"

"इतकं लाल कोण वाचणार, भाऊजी? कंपनीची कटकट असेल म्हणून सोडून दिलं. मधे एकच ओळ साधी दिसली, तेवढी वाचली. हात घालायच्या आधी प्लग काढायचा म्हणे. तुमच्या दादांनाही वाचून दाखवली, ते बोटाने चटणी काढतात."

बाईंनी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने साहेब स्वतः जिना उतरून सगळ्यांसाठी चहा घेऊन आले. नव्या छपाईत लाल चौकट एकच राहिली, आणि बाईही राहिल्या.

पुढच्या वर्षी कंपनीने रंगीत छपाई बंद केली. आता सगळ्याच चौकटी काळ्या असतात.