आजोबांचं ओक

मिनेसोटातल्या त्या गावात आर्लन ट्वाइटकडे गेलं की कॉफीच्या आधी जेवणघरातलं भिंतीतलं कपाट बघावं लागे. "अस्सल ओकचं लाकूड," दारावर टिचकी मारून तो सांगे. "आजोबांनी स्वतः बसवलं. हल्ली सगळा दाबलेला भुसा." पाहुणे माना डोलवत आणि कॉफी निवून जाई.

बायको, मार्लिस, अकरा वर्षं म्हणत होती की कपाट पांढरं करू, भरदुपारी दिवा लावावा लागतो. पण शेजारच्या डेल सुताराने आपलं ओकचं कपाट पांढरं केलं, तेव्हा आर्लन सगळ्यांदेखत एवढंच म्हणाला होता, "वेगळंच झालंय." त्या गावात याहून मोठी शिवी नाही. आता माघार कशी घेणार?

शेवटी तडजोड झाली. कपाटाला जरा फिकट पॉलिश करायचं, तेही रविवारच्या आत, कारण नातीच्या कन्फर्मेशनच्या धर्मविधीनंतर अर्धं चर्च घरी येणार होतं. गुरुवारी मार्लिस गोधड्या शिवायला गेली. आर्लनने पॉलिश काढायचं औषध लावून पहिलं दार पुसलं आणि ओक फडक्यावर उतरलं.

खाली साधं, स्वस्त पाइनचं लाकूड होतं. आजोबांनी ओल्या रंगात फणी ओढून ओकच्या रेषा काढल्या होत्या आणि गाठी चक्क अंगठ्याने उठवल्या होत्या. आर्लनला आधी आजोबांचा राग आला, मग त्यांच्या गरिबीचं वाईट वाटलं, आणि मग डेलचा चेहरा आठवला.

मार्लिस परतली तेव्हा दोन दारं पांढरी झाली होती.

"तुझ्यासाठीच करतोय," आर्लन तिच्याकडे न बघता म्हणाला. "किती वर्षं मागे लागली होतीस."

तिने फडक्याकडे पाहिलं, बाही सारली आणि दुसरा ब्रश घेतला.

रविवारी पाद्रीबाबा गहिवरले. "बायकोसाठी आजोबांच्या ओकवर पाणी सोडलंस, आर्लन." त्यागमूर्तीने नम्रपणे मान खाली घातली. डेल मात्र कपाटासमोर बराच वेळ उभा होता.

"वेगळंच झालंय," तो म्हणाला आणि कपासाठी दाराकडे हात नेला.

आर्लन हातातली बशी ठेवून पुढे सरकला. त्या एका दाराची आतली बाजू त्याने तशीच ठेवली होती. आजोबांच्या अंगठ्याच्या ठशांवरून ब्रश फिरवायला त्याचा हात धजला नव्हता.

मार्लिस मध्ये येऊन उभी राहिली. "हात नको लावूस, डेल, रंग ओला आहे," ती म्हणाली आणि आपला कप त्याच्या हातात दिला.

रंग शुक्रवारीच वाळला होता.