शेऱ्याच्या रकान्यात निरंक

घोटीजवळच्या एका लहान स्टेशनावर मी तिकिटं देतो. सकाळची नाशिकरोडला जाणारी पॅसेंजर आता आमच्याकडे थांबत नाही. तिचे डबे वाढवले, लहान थांबे कमी केले आणि गाडी लवकर पोहोचू लागली. मोठ्या स्टेशनांवरची माणसं खूश आहेत. बसायला जागा मिळते, कामावर वेळेत जाता येतं. ते खोटं नाही.

थांबे ठरवण्याआधी वरून पत्र आलं होतं: सात दिवस चढणारी-उतरणारी माणसं मोजा. ते आलं नेमकं आवणीत. भाताची रोपं लावायचे ते दिवस. तेव्हा आमच्या भागात घरात माणूस सापडत नाही. नोकरीवालेसुद्धा रजा टाकून चिखलात उतरतात. फाटकावरचा म्हातारा गेटमन म्हणाला, साहेब, हा कागद दिवाळीपर्यंत दाबून ठेवा. मी म्हटलं, मुदत आहे. मोजली. एका सकाळी चार माणसं, एका सकाळी दोन.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. 'आवणी चालू' एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. मी स्वतः भाताच्या घरातला. आईच्या पायाच्या बोटांत पडलेल्या चिखल्या मला अजून आठवतात. पण शेरा लिहिला की खुलासा मागतात, हे इतक्या वर्षांत शिकलो होतो. निरंक लिहिलं आणि सही केली.

त्या गाडीने एक मावशी रोज जायच्या. नाशिकरोडला एका मेसमध्ये पोळ्या करायच्या. मोजणीच्या आठवड्यात त्याही रजा घेऊन स्वतःच्या शेतात होत्या. थांबा गेल्यावर जीपने जाऊ लागल्या, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. रोजच्या उशिराला कंटाळून मेसवाल्याने सांगितलं, महिनाअखेरपर्यंत सोय बघा, नाहीतर दुसरी बाई ठेवतो. त्या माझ्या खिडकीशी आल्या. अर्ज तूच लिही म्हणाल्या, तुझं अक्षर वरचे लोक ओळखत असतील. मी लिहून दिला.

उत्तर आलं: मोजणीनुसार प्रवासी अत्यल्प, सबब थांबा देता येत नाही. मी ते खिडकीतून वाचून दाखवलं.

"कवा मोजलं रं?"

"पावसाळ्यात झाली मोजणी."

"आवणीत?" त्या थोडा वेळ पत्राकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "मग मोजणारा परमुलखातला आसंल. भातातला मानूस आसं करायचा नाय."

"असेल," मी म्हणालो.

महिना संपल्यावर मेसमध्ये दुसरी बाई आली. मी नव्याने पत्र लिहिलं, त्यात मोजणी चुकीच्या वेळी झाल्याचं कळवलं, स्वतःची सही केली. पोच आली, एवढंच.

यंदा आवणीसाठी मावशींना कुणाकडे रजा मागावी लागली नाही.